स्किझोफ्रेनिया आणि एफएमआरआय : मेंदूचा स्कॅन काय सांगतो, काय सांगत नाही

मुक्ताईनगरहून एखादे कुटुंब घरातल्या रुग्णाला घेऊन जळगावला किंवा पुण्या-मुंबईला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, एकदा डोक्याचा स्कॅन करून खात्री करून घेऊ का?" मेंदूची रंगीत चित्रे आता मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेली असतात. त्यात आजार दिसेल आणि त्यावरून नेमके औषध ठरेल, अशी आशा वाटणे साहजिक आहे. म्हणून उत्तर आधीच सांगतो. आज स्किझोफ्रेनियाचे निदान कोणत्याही स्कॅनवरून होत नाही. तरीही या चित्रांनी आजाराबद्दल बरेच काही शिकवले आहे आणि ते प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

साधा एमआरआय आणि एफएमआरआय यांत फरक काय?

साध्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते : गाठ, सूज, रक्तस्राव, जुनी जखम. फंक्शनल एमआरआय, म्हणजेच एफएमआरआय, मेंदूचे काम दाखवतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे काही सेकंदांत जास्त रक्त जाते. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते. तो फरक यंत्र टिपते. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे तत्त्व मांडले. यात क्ष-किरण वापरले जात नाहीत. चित्रातले लाल-पिवळे रंग मात्र संगणकाने गणित करून भरलेले असतात. ते मेंदूचे खरे रंग नव्हेत.

आवाज ऐकू येतात तेव्हा मेंदूत काय घडते?

१९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या तीन रुग्णांचा एफएमआरआय केला. आवाज सुरू झाला की रुग्णाने बटण दाबायचे, असे ठरले होते. बाहेर कोणीही बोलत नसताना, रुग्ण आवाज ऐकत होता त्या वेळी, ऐकण्याचे काम करणारा मेंदूचा भाग सक्रिय झालेला दिसला. पुढच्या अभ्यासांत बोलण्याशी संबंधित भागही त्यात गुंतलेले आढळले.

घरच्यांसाठी याचा अर्थ मोठा आहे. तुमचा मुलगा किंवा वहिनी "मला आवाज येतात" म्हणते तेव्हा ती नाटक करत नसते. तो अनुभव तिच्यासाठी खरा असतो. "असं काही नाही, गप्प बस" म्हणून तो थांबत नाही. भगताच्या अंगाऱ्यानेही थांबत नाही. वाद घालण्याऐवजी, "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे कळतंय," एवढे म्हटले तरी रुग्णाला आधार मिळतो.

मग यावरून निदान का होत नाही?

संशोधनात अनेक रुग्णांची सरासरी निरोगी लोकांच्या सरासरीशी ताडून पाहतात. सरासरीत फरक दिसतो, पण एकेका माणसाच्या बाबतीत दोन्ही गटांची चित्रे एकमेकांत मिसळतात. शिवाय औषधे, तंबाखू, झोप, यंत्रात डोके थोडे हलणे यांनीही चित्र बदलते. त्यामुळे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून, लक्षणे किती दिवसांपासून आहेत ते पाहूनच होते.

साधा स्कॅन कधी लागतो?

आजार पहिल्यांदाच दिसला असेल, फिट येत असेल, डोक्याला मार लागला असेल, ताप किंवा तीव्र डोकेदुखी असेल, हातापायात कमजोरी असेल किंवा उतारवयात लक्षणे सुरू झाली असतील, तर डॉक्टर सीटी किंवा साधा एमआरआय सांगू शकतात. दुसरा एखादा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी तो असतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे "आजारच नाही" असे समजून औषध बंद करू नका.

उपचारात याचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात, आणि बराचसा अजून संशोधनातच. औषधे देऊनही आवाज थांबत नसतील, तर डोक्यावर कॉइल ठेवून चुंबकीय लहरी देण्याचा उपचार (आरटीएमएस) काही केंद्रांत करतात. लहरी कुठे द्यायच्या, हे ठरवताना मेंदूच्या चित्रांतून मिळालेले ज्ञान उपयोगी पडले. परिणाम मात्र सर्वांना सारखा मिळत नाही आणि हा उपचार औषधांची जागा घेत नाही. कोणाला कोणते औषध लागू पडेल हे स्कॅनवरून आधीच ओळखता येईल का, यावरही काम सुरू आहे. रोजच्या दवाखान्यात ते अजून आलेले नाही.

पैसा आणि वेळ कुठे लावावा?

स्कॅनसाठी कर्ज काढण्यापेक्षा या गोष्टी जास्त उपयोगी आहेत :

- औषध रोज आणि न चुकता. बरे वाटल्यावर स्वतःहून बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.
- दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही फरक नसेल, तर क्लोझापिनबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते.
- वजन, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी.
- गांजा आणि दारू पूर्ण बंद.
- घरच्यांनी आजार समजून घेणे. यामुळे आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे.

शेवटच्या मुद्द्याचे उदाहरण खानदेशातलेच आहे. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातील कॅलगरीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. रुग्ण आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट हे तिचे महत्त्वाचे काम. २००४ च्या 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचाराल?

- हा स्कॅन कशासाठी? त्याच्या रिपोर्टने उपचार बदलणार आहे का?
- औषधाचा परिणाम दिसायला किती आठवडे द्यायचे?
- दुष्परिणाम दिसल्यास काय करायचे?

तातडीने मदत कधी घ्यावी?

रुग्ण जीव देण्याची भाषा करत असेल, आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील किंवा त्याने खाणेपिणे सोडले असेल, तर वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.