पेस्तनजी मेहेरजी आणि निजामी मुलखाचा वसूल

परभणी जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, गोदावरीच्या खोऱ्यांत, पालम हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतीं काळी जमीन, शिवारांत ज्वारी आणि कापूस. सरकारी सारा किती, तो कोणापाशीं भरावयाचा आणि पावती कोणाकडून घ्यावयाची, याविषयीं तेथील शेतकऱ्याच्या मनांत आज संदेह नसतो. ग्राम महसूल अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही पायरी ठरलेली आहे. परंतु सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं, हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखालीं असतांना, ही पायरी अशी पक्की नव्हती. वसुलाला येणारा मनुष्य सरकारचा नोकरच असेल असा नेम नसे. पुष्कळदां तो सरकारचा सावकार असे. ही विलक्षण स्थिति कशी आली आणि कशी गेली, हें पेस्तनजी मेहेरजी या पारशी गृहस्थाच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

निजामी राज्यांत त्या वेळीं वसुलाची पद्धत मक्त्याची होती. एखाद्या परगण्याचा किंवा जिल्ह्याचा वसूल अमुक रकमेस ठरवून सरकार तो एखाद्या धनिकास, सरदारास किंवा फौजेच्या जमादारास लावून देई. मक्तेदारानें ठरलेली रक्कम सरकारांत भरावी आणि रयतेपासून जें अधिक निघेल तें आपलें म्हणावें. अशा मक्तेदारास तालुकदार म्हणत. मक्ता किती दिवस टिकेल याची मात्र शाश्वती नसे. कोणी चढी बोली केली, कीं आजचा तालुकदार उद्यां गेला. मग विहिरीसाठीं तगाई द्यावी, पडीत जमीन वहितीस आणावी, ही दूरदृष्टि त्याच्या ठायीं यावी कोठून? फळ पिकण्याची वाट न पाहतां झाडच झोडपून घेण्याची बुद्धि या पद्धतीच्या पोटींच होती.

ही पद्धत विकोपास गेली ती राजा चंदुलाल यांच्या कारकीर्दींत. १८०८ सालीं ते पेशकार झाले आणि १८४३ पर्यंत राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं राहिलीं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची कंटिंजंट फौज निजामाच्या खर्चानें उभी होती. तिचाच खर्च वर्षाला सुमारें ४० लक्ष रुपये होता. दरबारचा आणि अरब-रोहिल्यांच्या पलटणींचा खर्च निराळा. तिजोरी रिकामी आणि देणेकरी दाराशीं, अशा वेळीं चंदुलाल यांस एकच उपाय सुचे: कर्ज काढावें आणि त्याच्या फेडीसाठीं एखाद्या प्रांताचा वसूल लावून द्यावा. प्रथम विल्यम पामर यांच्या पेढीनें जबर व्याजानें कर्जें दिलीं. तीं फेडण्यासाठीं उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लक्षांची पेशकश निजामास कायमची सोडावी लागली. तरीहि कर्जाची संवय सुटली नाहीं. सावकार मात्र बदलले.

या नव्या सावकारांत विकाजी मेहेरजी आणि त्यांचे धाकटे बंधु पेस्तनजी हे प्रमुख होत. घराणें मूळचें तारापूरचें. हें गांव आज पालघर जिल्ह्यांत आहे. विकाजींनीं उत्तर कोंकणांतील इंग्रज सरकारच्या जकातीचे मक्ते घेतले होते. तेव्हां सरकारी कराचा हिशेब कसा ठेवावा, नाक्यावरचा वसूल कसा गोळा करावा, ही विद्या घरांतच होती. तिला व्यापाराची जोड मिळाली आणि या घराण्याची दृष्टि सह्याद्रीच्या पलीकडे वऱ्हाडाकडे वळली.

त्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लांब उत्तरेस मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेतून नावांनीं कलकत्त्याकडे उतरे. मुंबईचें बंदर जवळ असूनहि तिकडे माल नेण्याचें धाडस कोणी मोठ्या प्रमाणावर केलेलें नव्हतें. १८२५-२६ सालीं या पेढीनें तें केलें. ५०० बैलांच्या पाठीवर लादून सुमारें १,२०,००० रत्तल कापूस मुंबईस पोंचविण्यांत आला. तेथें त्याची किंमत सुमारें २५,००० रुपये झाली. आजच्या मानानें ही रक्कम लहान वाटेल. पण तिनें व्यापाराची दिशा फिरविली. पुढें पेढीनें कापूस पिकविणाऱ्यांस सढळ हातानें आगाऊ रकमा दिल्या आणि खामगांव व इतर ठिकाणीं कापूस दाबून गठ्ठे बांधण्याचे दाब बसविले.

इकडे वऱ्हाडचा बराचसा मक्ता हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे होता. १८३९ सालीं इंग्रज रेसिडेंटाच्या दडपणामुळें त्यास दूर करण्यांत आलें आणि त्याचे जिल्हे पेस्तनजींच्या पेढीकडे आले. १८४१ सालीं, सरकारास दिलेल्या कर्जाच्या फेडीसाठीं, चंदुलाल यांनीं वऱ्हाडांतील आणखी मोठा वसूल पेढीस लावून दिला. औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरच्या, टांकसाळीचा कारभारहि पेस्तनजींकडे होता. तेथून निघालेलें नाणें 'पेस्तनशाही' या नांवानें ओळखलें गेलें.

पेस्तनजींचें स्थान किती चमत्कारिक होतें पाहा. शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं पैसा देणारे तेच, पिकलेला कापूस विकत घेणारे तेच आणि सरकारच्या नांवानें सारा घेणारेहि तेच. शेतकऱ्यानें फिर्याद न्यावी तरी कोणाकडे? परंतु याच गोष्टीला दुसरी बाजूहि आहे. केवळ मक्तेदाराला रयत बुडाली तरी फारसें कांहीं वाटत नसे. त्याचें यंदाचें निघालें म्हणजे झालें. कापसाच्या व्यापाऱ्याचें तसें नव्हतें. पुढच्या वर्षीं शेत पेरलें गेलें नाहीं, तर त्याचे दाब रिकामे राहणार होते. रयतेच्या बऱ्यांत ज्याचें बरें होतें, असा मक्तेदार त्या काळीं विरळा. पण एखाद्याच्या व्यापारी हितावर लक्षावधि लोकांचें सुख टांगून ठेवणें, हा राज्यकारभार नव्हे.

या व्यवस्थेचा पाया किती कच्चा होता, हें लवकरच दिसून आलें. १८४३ सालीं, आणखी कर्ज मिळण्याचे मार्ग खुंटले, तेव्हां चंदुलाल यांनीं राजीनामा दिला. त्यांच्या मागून आलेल्यांस जुनीं वचनें जड झालीं. १८४५ सालीं पेस्तनजींस वऱ्हाडचे जिल्हे सोडणें भाग पाडण्यांत आलें. तारण गेलें आणि कर्ज अंगावर राहिलें. एवढी मोठी पेढी त्या धक्क्यानें कोसळली. सिकंदराबादेस या बंधूंच्या नांवाची १८४७ सालची अग्यारी आजहि उभी आहे. रयतेला मक्तेदाराविरुद्ध दाद नव्हती, तशी मक्तेदारालाहि सरकाराविरुद्ध दाद नव्हती. ज्या राज्यांत कायद्याऐवजीं गरज बोलते, तेथें दुबळा आणि धनिक दोघेहि एकाच मापानें मोजले जातात.

राज्य तरी कोठें सुटलें? कंटिंजंट फौजेचा पगार तुंबला, कंपनीचें देणें वाढलें आणि १८५३ च्या मे महिन्यांतील तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. त्यांतील वऱ्हाड पुन्हा निजामाच्या कारभाराखालीं आलें नाहीं.

त्याच महिन्याच्या अखेरीस अवघ्या चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. सावकारांकडे आणि अरब जमादारांकडे गुंतलेले जिल्हे त्यांनीं एकेक करून सोडविले. मक्ते मोडून पगारी अंमलदार नेमले. १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली, म्हणजे मुलखाची जिल्हे व तालुके अशी रीतसर वांटणी झाली. पुढें मराठवाड्यांत मुंबई इलाख्याच्या रयतवारीच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन धारा ठरूं लागला. गंमत अशी, कीं जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास सालारजंगांनीं जुनेंच नांव ठेवलें: तालुकदार. कालपर्यंत वसूल विकत घेणारा तो तालुकदार. आतां वसुलांतील एका पैलाही हात लावण्याचा हक्क नसलेला, महिन्याच्या पगारावर राहणारा, तोहि तालुकदारच. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. मग तेंहि नांव मागें पडलें.

पेस्तनजींनीं दाखविलेल्या मुंबईच्या वाटेनें कापूस मात्र जात राहिला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत त्याला सोन्याचा भाव आला आणि खामगांवची पेठ देशभर गाजली. व्यापारी म्हणून पेस्तनजी काळाच्या पुढें होते; मक्तेदार म्हणून ते एका मोडकळीस आलेल्या व्यवस्थेचे शेवटचे मोठे प्रतिनिधि ठरले. पालमच्या शेतकऱ्याच्या हातीं साऱ्याची जी कागदी पावती येते, तिची किंमत आंकड्यापुरती नाहीं. घेणारा अंमलदार तो पैसा स्वतःसाठीं घेत नाहीं आणि त्याच पैशासाठीं उद्यां दुसरा कोणी दाराशीं येणार नाहीं, एवढी हमी त्या चिटोऱ्यांत आहे. ती मिळवावयास या मुलखाला एक सबंध प्रांत गमवावा लागला.