पंचनाम्याचे घराणे

खानदेशातल्या फैजपूर-सावद्याच्या पट्ट्यात केळीच्या बागेत प्रेत आढळले, की पोलीस पाटलाला निरोप जातो, पंच गोळा होतात आणि मयत पीएमला पाठवतात. हिंसेचा उलगडा एकट्या विद्येला होत नाही, कायदा, वैद्यक आणि समाजशास्त्र यांनी एकत्र बसावे, असे आज विद्यापीठांत सांगतात. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या ग्राम-पोलीस कायद्यात ही बैठक आधीच भरलेली दिसते: अकस्मात मृत्यू झाला तर पाटलाने गावातली दोन किंवा अधिक समंजस माणसे जमवावीत, त्यांनी कारण व परिस्थिती तपासून लेखी द्यावे, आणि घातपाताचा संशय आला तर प्रेत सरकारी डॉक्टरकडे जावे.

हे कलम आले कुठून? इंग्लंडच्या कॉरोनरकडून, हे सरधोपट उत्तर. ११९४ पासूनचा तो राजाचा अधिकारी, मृत्यूची चौकशी गावकऱ्यांच्या ज्युरीपुढे करी. साम्य खरेच आहे. तरी माझ्या मते आजोळ तिकडचे असले तरी घराणे आपल्या महजराचे, म्हणजे गावसभेच्या लेखी निवाड्याचे. गोत बसे, साक्षी होत, आणि कागदावर पाटील नांगराची, न्हावी आरशाची निशाणी करी. महजर बहुतेक वतनाच्या भांडणांचे आणि एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतींची भलामण केली ती प्रामुख्याने दिवाणी वादांसाठी, हा आक्षेप वजनदार आहे. पण कॉरोनर राजाचा माणूस. इथे माणसे जमवतो तो गावचाच पाटील. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला, तेव्हा गावकीची ही वहिवाट जिवंत होती. ती मोडण्यापेक्षा वापरणे सरकारला स्वस्त पडले असणार.

गावाचा डोळा मात्र नेहमीच निर्मळ नसतो. सासरी सून जळून मेली, तर पंचही त्याच भाऊबंदकीतले निघू शकतात. म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९८३ च्या दुरुस्तीने लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूत, किंवा आप्ताने मागणी केल्यास, विवाहितेचे प्रेत डॉक्टरकडे पाठवणे भाग पाडले. न्यायालयेही इन्क्वेस्ट पंचनाम्याला मृत्यूच्या सकृद्दर्शनी कारणापुरतेच मोल देतात. मारले कोणी, हे त्यातून ठरत नाही. इतके असूनही त्या संहितेच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठितांची हजेरी तशीच कायम आहे.