ठराव, पेन्शनर आणि चवदार तळं

सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. पाठोपाठ 1924च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काही उणं राहिलं नव्हतं. तरी पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर अस्पृश्यांपैकी कोणी पाणी भरायला गेलं नाही. मग 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक मिरवणुकीने गेले आणि पाणी प्यायले. तळं तेच, हक्कही तोच. मध्ये घडलं ते एवढंच, की आपण कोणाशी बोलत आहोत हे नेमकं जाणणारी माणसं पुढे आली. ठरावात ‘जनता’ होती. परिषदेत दासगावचा, लाडवलीचा, सावित्रीच्या खोऱ्यातल्या गावांचा माणूस समोर बसलेला होता.

हा माणूस कोण, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यात शेती तुटपुंजी आणि शिपाईगिरी जुनी. रायगड महाड तालुक्यात, तर तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. कंपनी सरकारच्या फौजेत या भागातले महार मोठ्या संख्येने गेले. पलटणीत त्यांना पगार मिळाला, हुद्दा मिळाला आणि मुलांना अक्षरओळखही मिळाली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886मध्ये निवृत्त झाले आणि 1888मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी उच्चवर्णीयांना प्रश्न विचारले. पुढे 1895मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वरच्या जातींच्या सभासदांना ती सोसली नाही. दरम्यान सरकारने महारांची लष्करभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात 111वी महार पलटण उभी राहिली खरी, पण लढाई संपल्यावर तीही मोडली. म्हणजे 1927च्या मांडवात जी पिढी बसली होती तिच्या घरात सुभेदार-हवालदार होते, पेन्शन होती, वाचलेलं पुस्तक होतं, आणि मिळालेला मान डोळ्यांदेखत हिसकावला गेल्याची सल होती. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड हे या भागातले जुने मान्यवर. परिषदेची कल्पना रामचंद्र बाबाजी मोरे यांची, आणि ते तर महाडच्याच शाळेत शिकलेले. श्रोत्यांची नाडी त्यांना कुणी सांगावी लागली नाही.

बाबासाहेबांचं परिषदेतलं भाषण या सलीला धरूनच उभं होतं. त्यांनी पलटणींचे दिवस आठवून दिले, त्या काळी याच भागातल्या निवृत्तांनी समाजाला दाखवलेली वाट सांगितली आणि भरतीबंदीला सरकारचा विश्वासघात म्हटलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर ती निव्वळ स्तुती झाली असती. पुढची मागणी महाग होती. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, महारकीच्या वतनातून बाहेर पडा, पडीक जंगलजमिनी मिळवून शेती करा. ज्या वतनावर घरं चालत, तेच सोडायला ते सांगत होते. पलटणीत ताठ उभं राहिलेल्या माणसाने गावात परतून वाकावं, ही विसंगती त्यांनी श्रोत्यांच्याच आयुष्यातून उचलली. म्हणून ती मागणी बाहेरच्याचा उपदेश वाटली नाही.

यावर रोकडी हरकत घेता येते. भाषणाने काय होतं? तीन वर्षं लोकांना अडवलं ते गावच्या भीतीने आणि पोटाच्या ताबेदारीने. हे खरं आहे, आणि त्यामुळेच पेन्शनरांना महत्त्व येतं. पेन्शन सरकारी खजिन्यातून येते, पाटलाच्या खळ्यातून येत नाही. गावाने बहिष्कार घातला तरी त्या घरात भात शिजणार होता. माणसाची ओळख म्हणजे त्याचा अभिमान, पण त्याला भाकरी कोण देतं हेही त्या ओळखीतच येतं. आज समाजमाध्यमांवर ‘आपला प्रेक्षक ओळखा’ असं शिकवणारे वय, गाव आणि आवडीनिवडी मोजतात. भाकरीचा रकाना त्यांच्याकडे सहसा नसतो.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे. तळ्यावर पाणी प्यायल्यावर त्याच दुपारी ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा गावात उठली, जमाव जमला आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. अफवा उठवणाऱ्यालाही आपले श्रोते पक्के ठाऊक होते. मग श्रोता ओळखणं ही विद्या चांगली कशी म्हणायची? माझ्या मते फरक मागणीत पडतो. अफवेने जमावाला काहीच सोडायला सांगितलं नाही, उलट असलेल्या भीतीला लाठी दिली. बाबासाहेबांनी मार खाल्लेल्या, उलट वार करायला तयार असलेल्या आपल्याच माणसांना आवरलं. शिस्तीची सवय असलेल्यांकडे त्यांनी शिस्तच मागितली.

डिसेंबर 1927च्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी 1789च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेचा दाखला दिला. कोकणातल्या शेतकऱ्याला फ्रान्सचं काय, असं कुणी म्हणेल. पण तिथे बोलणं एकाच श्रोत्याशी नव्हतं. त्यांचं ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक 3 एप्रिल 1927 पासून निघू लागलं होतं. महाडातलं बोलणं छापून सुशिक्षितांच्या हाती जाणार होतं, हे बाबासाहेबांना माहीत होतं. त्या पाक्षिकाच्या शिरोभागी ज्ञानेश्वरांची ओवी आणि त्यांच्याच आधीच्या ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, म्हणजे वारकरी वाचकाला दार उघडं होतं. त्याच परिषदेला जोडून स्त्रियांची वेगळी सभा झाली. तिथे फ्रान्स नव्हतं. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाका, मुलींना शिकवा, असं थेट सांगणं होतं.

तळ्याचा दावा मात्र पुढे कोर्टात दहा वर्षं रेंगाळला. तिथे समोर न्यायाधीश होते, आणि पलटणीचा मान त्यांच्या कामाचा नव्हता. सवर्ण वादींचं म्हणणं असं की तळ्याच्या वापराची आपली मक्तेदारी ही अनादी काळापासूनची रूढी आहे. बाबासाहेबांच्या बाजूने जोर राहिला तो या रूढीला पुरावा नाही यावर, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने ती रूढी सिद्ध झालेली नाही म्हणून अपील फेटाळलं.