टेललाइटचा दंड: सायकलच्या दिव्यापासून ई-चलानपर्यंत

हेडफोन नीट बसलेत ना? लोकलमध्ये असाल तर दरवाज्यापासून जरा आत या. आणि बाइक चालवताना ऐकत असाल तर आधी बंद करा, नाहीतर आजच्या विषयाचं उदाहरण तुम्हीच व्हाल.

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्याच फजितीने करतो. पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास डोंबिवलीहून ठाण्याला निघालो होतो. वाटेतल्या एका चौकात शिट्टी वाजली. "गाडी साइडला घ्या." लायसन्स होतं, इन्शुरन्स होता, पीयूसी होतं, हेल्मेट डोक्यावर होतं. मनात म्हटलं, आज आपण पास! तेवढ्यात साहेब मागे गेले, गाडीचा फोटो काढला आणि म्हणाले, "टेललाइट बंद आहे."

खरंच बंद होता. सकाळी चालू होता, एवढं मला नक्की आठवत होतं. दोन किलोमीटर मागे एका खड्ड्यात गाडी दणकन आपटली होती, तिथेच बल्ब गेला असणार. मी म्हटलं, "साहेब, समोरच गॅरेज आहे, पाच मिनिटांत बदलून आणतो." साहेब शांतपणे म्हणाले, "चलान झालंय, आता मशीनमधून मागे घेता येत नाही." खिशात मोबाइल वाजला. मेसेज आलाच होता.

गॅरेजमध्ये बल्ब तीस रुपयांना मिळाला. घरी येऊन बाबांपुढे अर्धा तास तणतण केली. ते ऐकत राहिले आणि हसून म्हणाले, "अरे, माझ्या तर सायकलच्या दिव्यासाठी हवा सोडली होती!"

तिथून हा एपिसोड सुरू झाला. दिवा, ब्रेक, आरसा, नंबरप्लेट असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी रस्त्यात अडवायचा अधिकार आला कुठून? आणि त्यात काही माणुसकीची सोय होती का?

हातात लाल झेंडा

थोडं लांबून येऊ. इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला. रस्त्यावर इंजिनाची गाडी आणायची असेल तर गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल झेंडा घेऊन चालला पाहिजे. शहरात वेगमर्यादा ताशी २ मैल, म्हणजे आपण फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी चालतो साधारण तेवढी. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या माणसाने ताशी ८ मैलांनी गाडी हाकली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग. मोटार जन्माला आली आणि दंडाची पावती लगेच तिच्या मागे लागली!

आपल्याकडे मुंबईत मोटारी दिसायला लागल्या १८९८ च्या सुमारास. पहिल्या मालकांपैकी एक जमशेटजी टाटा. गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तरी १९०४ साली मुंबई इलाख्याचा स्वतःचा मोटार कायदा आला. १९१४ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा, आणि आज आपल्याला लागू असलेला १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून अमलात आला.

पण ठाणे-कल्याणच्या साध्या माणसाला या मोटार कायद्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. आपला भाग रेल्वेचा. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. माणूस स्टेशनपर्यंत चालत किंवा सायकलने जायचा. त्यामुळे त्याची आणि पोलिसाची पहिली गाठ पडली ती सायकलवरच.

बाबांची सायकल

डोंबिवलीच्या एमआयडीसीत बाबा नोकरीला लागले तेव्हा अर्धी शिफ्ट सायकलने यायची. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या. कर भरला की पत्र्याचा छोटा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. बिल्ला नाही, पकडला. अंधार पडल्यावर दिवा नाही, पकडला. डबल सीट, पकडला.

दिवा म्हणजे काहींकडे रॉकेलचा कंदील, काहींकडे चाकाला घासून चालणारा डायनामो. बाबांचा डायनामो पावसात हमखास दगा द्यायचा. एका रात्री सेकंड शिफ्ट संपवून येताना हवालदाराने अडवलं. दंड भरायला पैसे नव्हते. हवालदाराने दोन्ही चाकांची हवा सोडली आणि म्हणाला, "जा आता, पायी गेलास तर दिवा लागत नाही." बाबा तीन किलोमीटर सायकल ढकलत घरी आले.

हवा सोडणं कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं, हे सांगायला नको. पण गंमत बघा, बाबांना त्या हवालदाराचा राग नाही. ते म्हणतात, "पुढच्या आठवड्यात तोच भेटला. दिवा लागलेला बघून हात वर करून जा म्हणाला." म्हणजे शिक्षा झाली ती अशी की माणसाने चूक दुरुस्त केली आणि समोरच्याने ती पाहिली. १९७५ साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. पोलीस तेव्हा लोकांना विनोदी, भाबडा, कधी खाबू असा वाटायचा. पण काहीही असलं तरी तो समोर उभा असलेला माणूस होता. त्याच्याशी वाद घालता यायचा.

शंभर रुपयांची तीस वर्षं

आता कायद्याचं पुस्तक उघडू. घाबरू नका, एकच कलम बघायचंय, १७७. ज्या चुकीला कायद्यात वेगळा दंड सांगितलेला नाही, ती या कलमात येते. बारीकसारीक चुकांचं गोडाऊनच म्हणा ना. १९८८ च्या कायद्यात इथे दंड होता पहिल्यांदा १०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर ३०० पर्यंत.

हा आकडा पुढची जवळपास तीस वर्षं हलला नाही. १९८९ मध्ये शंभर रुपये ही घरातली मोठी नोट होती. २०१९ पर्यंत तिची किंमत दोन वडापाव आणि दोन चहा एवढ्यावर आली. दंड स्वस्त झाला की दोन गोष्टी होतात. नियम मोडणाऱ्याला भीती राहत नाही, आणि "साहेब, पावती राहू द्या" ही भाषा रुळते.

मग १ सप्टेंबर २०१९ ला सुधारित कायदा अमलात आला आणि कलम १७७ चे आकडे एकदम ५०० आणि १५०० झाले. पाचपट! देशभर ओरड झाली. गुजरातने काही दिवसांतच दर कमी केले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी नितीन गडकरींना पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं आणि राज्यात अंमलबजावणी थांबली. नवे दर आपल्याकडे लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये.

याच काळात दुसरा बदल झाला, जो मला दंडाच्या रकमेपेक्षा मोठा वाटतो. मुंबईत २०१६ पासून ई-चलान आलं होतं, २०१९ मध्ये 'एक राज्य एक चलान' म्हणत ते राज्यभर पसरलं. पावतीबुक गेलं, हातात मशीन आलं. फायदा उघड आहे: रोख पैसे नाहीत, त्यामुळे चिरीमिरीला जागा कमी. पण तोटाही आहे. फोटो निघाला की बोलणं संपलं. आमच्या सोसायटीत पार्सल पोचवणारा एक मुलगा आहे. त्याने सेकंडहँड बाइक घेतली आणि मग कळलं की आधीच्या मालकाची अकरा चलानं गाडीवर तशीच आहेत. मशीनला गाडीचा नंबर कळतो, माणूस कळत नाही. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानविरोधात राज्यात संप पुकारला, तो याच रागातून.

सात दिवस, पंधरा दिवस

आता मला सापडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये एक योजना आहे. गाडीत किरकोळ दोष सापडला तर पोलीस कागद देतात: १४ दिवसांत दुरुस्त करून दाखवा, खटला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशा पावतीला लोक 'फिक्स-इट तिकीट' म्हणतात. दिवा दुरुस्त करायचा, सही आणायची, २५ डॉलर भरायचे, विषय संपला. फिलाडेल्फिया शहराने तर २०२२ पासून एखादा दिवा बंद आहे एवढ्याच कारणासाठी गाडी थांबवायची नाही, असं ठरवलं. कारण अशा छोट्या निमित्ताने कृष्णवर्णीय चालकांनाच जास्त अडवलं जातंय, हे तिथे लोकांनी लावून धरलं होतं.

तुम्ही म्हणाल, परदेशाचं कौतुक पुरे. पण थांबा. हा विचार आपल्या स्वतःच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे! नियम ११६ वाचा. गाडी जास्त धूर सोडतेय असं वाटलं तर उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लेखी सांगू शकतो की सात दिवसांत तपासणी करून प्रमाणपत्र दाखवा. नियम १३९ वाचा. कागदपत्रं जवळ नसतील तर ती नंतर सादर करायला पंधरा दिवसांची मुदत आहे. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागदही चालतात.

म्हणजे 'आधी दुरुस्त कर, मग बघू' ही कल्पना आपल्याला परकी नाही. बाबांच्या हवालदारानेही ती आपल्या पद्धतीने राबवली होती. फक्त टेललाइट, इंडिकेटर, हॉर्न यांच्यासाठी ती कुणी लिहून ठेवली नाही. आणि मशीन आल्यावर जी थोडी समजूतदारपणाची जागा होती, तीही गेली.

मग चूक कुणाची?

आता स्वतःशी प्रामाणिक राहतो. टेललाइट बंद असणं ही छोटी गोष्ट नाही. घोडबंदर रोडवर रात्री मागून ट्रक येत असेल तर तो लाल ठिपकाच तुमचा जीव आहे. मला थांबवणाऱ्या साहेबांचं चुकलं नव्हतं. थांबवायलाच हवं होतं.

माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. माझा दिवा ज्या खड्ड्याने फोडला, त्याचं चलान कुणाच्या मोबाइलवर गेलं?

हा नुसता टोमणा नाही. जुलै २०१८ मध्ये कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे एकापाठोपाठ एक माणसं गेली. त्याच वर्षी जुना पत्रीपूल धोकादायक ठरून बंद झाला आणि नवा उघडेपर्यंत जानेवारी २०२१ उजाडला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ ते २०२१ बंद. या सगळ्या काळात आपण फुटलेल्या रस्त्यांवरून, लांबचे वळसे घेत गाड्या दामटल्या. सस्पेन्शन, आरसे, दिवे यांचं काय झालं ते प्रत्येक गॅरेजवाल्याला विचारा.

आणि २०१९ च्या ज्या सुधारणेने आपले दंड पाचपट केले, त्याच सुधारणेत कलम १९८-अ आहे. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एकाच कायद्याची दोन पानं. एक पान रोज चौकाचौकात उघडलं जातं. दुसऱ्या पानाचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी आजवर ऐकलं होतं?

पण इतिहास इथे थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. चांगला रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने बजावलं. १९०४ पासून हिशेबाची वही एकाच बाजूने लिहिली जात होती. आता समोरच्या पानावरही एक ओळ पडली आहे.

जाता जाता तीन कामाच्या गोष्टी. एक, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून भिंतीकडे पाठ करून उभी करा. भिंतीवर लाल उजेड दिसला की टेललाइट ठीक. दोन, जुनी गाडी घेताना बाकी चलानं आधी तपासा. तीन, चलान चुकीचं वाटलं तर चडफडत बसू नका. महाट्रॅफिकच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर तक्रार करता येते, लोकअदालतीतही प्रकरण मिटवता येतं.

मी माझं चलान भरलं. बाबांनी विचारलं, "दिवा दाखवलास का त्या साहेबांना?" दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून गेलो. साहेब तिथेच होते. मी मागे बोट दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि हात वर करून जा म्हणाले.

तुमच्या घरी सायकलच्या बिल्ल्याची किंवा दिव्याची गोष्ट असेल तर आजोबांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, मागचा दिवा चालू ठेवा!