हिरवे का हिरवे?

दिवाळीत दारावर बांधलेले आंब्याचे तोरण भाऊबीजेपर्यंत मलूल होते, पण पानांचा हिरवेपणा सहसा हटत नाही. "पान हिरवे का?" असे वर्गात कोणी विचारले, की मी वर्षानुवर्षे "हरितद्रव्यामुळे" असे सांगून मोकळा होत असे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "पण गुरुजी, हरितद्रव्य तरी हिरवे का?" खडू हातात तसाच राहिला. घंटा झाली म्हणून माझी लाज राहिली!

घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा कळले की या उत्तराच्या वाटेवर माणसाची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टले याने मेणबत्ती विझून बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. १७७९ साली डच वैद्य इंगेनहाउझ याने दाखवून दिले, की ही किमया वनस्पतीचे हिरवे भागच करतात, आणि तीही उजेडातच. १८१७ साली पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हाँतू या औषधशास्त्रज्ञांनी पानांतले ते हिरवे द्रव्य वेगळे काढून त्याचे बारसे केले : क्लोरोफिल. आपले हरितद्रव्य ते हेच.

पण नाव ठेवले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. माझी चूक नेमकी हीच होती.

१८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि भोवतीच्या पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. पंगतीचे बोलावणे यावे तशी त्यांनी गर्दी केली, ती तांबड्या आणि निळ्या उजेडात. हिरव्या उजेडात मात्र तुरळकच!

हरितद्रव्याच्या रेणूची ठेवणच अशी, की ते तांबडा आणि निळा प्रकाश भरपूर शोषून घेते. हिरवा त्या मानाने कमी. त्यातला काही भाग पान माघारी धाडते, आणि तोच आपल्या डोळ्यांत भरतो.

सुट्टीनंतर मी हे त्या मुलीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गुरुजी, पानाने जो ठेवून घेतला नाही, त्याच रंगाला आपण पानाचा रंग म्हणतो?"

या खेपेस घंटेला बराच अवकाश होता. मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "बैस, बाळ. आज यावरच बोलू."