तरणा पाऊस लागण्याआधी

शके 1780 मधला ज्येष्ठ. इंग्रजी हिशेबाने 1858 चा जून सरत आलाय. तुम्ही कल्याणात, पारनाक्याजवळच्या एका वाड्याच्या ओटीवर बसला आहात आणि तुम्हाला आळंदीला जायचंय. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी पंढरीकडे निघते, तिच्यासोबत चालायचंय. हाताशी थोडेच दिवस आहेत. मध्ये सह्याद्री आहे आणि सह्याद्रीवर पाऊस आहे.

कमरेला चाचपून बघू नका, फोन नाही. ढगांचं चित्र दाखवणारा पडदा नाही, येत्या तीन तासांत काय होईल हे सांगणारा कुणी नाही. हिंदुस्थानचं हवामान खातं स्थापन व्हायला अजून 17 वर्षं आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेत हवेच्या नोंदी होतात, पण त्या तिथल्या वह्यांतच राहतात, कल्याणच्या ओटीपर्यंत येत नाहीत. इथे पंचांग आहे, आणि ते वाचता येणाऱ्या आजी आहेत.

आजींना विचारा. त्या आधी नक्षत्र सांगतील, मग त्याचं वाहन. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस बक्कळ. वाहनावर तुमचा विश्वास बसला नाही तरी चालेल, पण नक्षत्राकडे दुर्लक्ष करू नका. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात, म्हणून ती दरवर्षी जवळपास त्याच दिवसांत येतात. वारीची तिथी मात्र चंद्राची. ती दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. म्हणजे पाऊस सूर्यावर चालतो आणि वारी चंद्रावर. गेल्या वर्षी पालखी मृगातच निघाली होती. यंदा अधिक मास पडला, त्यामुळे तीच अष्टमी आर्द्रा सरता सरता येतेय, इंग्रजी जुलैच्या पहिल्या आठवड्यात. गेल्या वर्षी घाट चढताना ज्यांचं घोंगडं नुसतं भिजलं, त्यांच्या अनुभवावर यंदा विसंबू नका.

“आर्द्रा आहे तोवर पाऊस दमानं आहे,” आजी सांगतात. “पुनर्वसू लागला की तरणा येतो, मग तो कुणाचं ऐकत नाही. त्याच्या आत घाट चढून मोकळे व्हा हो.”

पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. ही नावं ठेवणाऱ्या माणसांनी किती पावसाळे डोळ्यांत तेल घालून पाहिले असतील!

आता थोडं गावाबाहेर या. डोंबिवलीच्या अंगाला, आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथवर भातखाचरं आहेत. उन्हाळ्यात भाजलेल्या राबांवर पेरलेली रोपं हिरवीगार झालीत आणि काही खाचरांत चिखलणी सुरू आहे. इथल्या शेतकऱ्याला सोबत येण्याचा आग्रह करू नका. भाताची लावणी याच दिवसांत असते; रोप जून झालं की ते लावून उपयोग नाही. देशावरच्या माणसाची बाजरी पेरून झाली की त्याला थोडी उसंत मिळते आणि तो आषाढीला निघतो. कोकणातला वारकरी जास्त करून कार्तिकीला जातो, कारण तेव्हा त्याचे हात मोकळे व्हायला लागलेले असतात आणि घाट कोरडा असतो. ठाण्या-कल्याणच्या आगरी-कोळ्यांची एकवीरा घाट चढल्यावर कार्ल्याला आहे, आणि तिची जत्राही चैत्रात भरते, पावसाच्या कितीतरी आधी. कोणत्या देवाला कधी भेटायचं, हे इथे खाचरातल्या पाण्याने ठरवलंय. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वारीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण वारीला येऊ न शकणाऱ्यांच्या चिखलातल्या आषाढाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

तुम्हाला लावणी नाही, तेव्हा तुम्ही निघू शकता. प्रश्न वाटेचा.

जुनी वाट नाणेघाटाची. कल्याणहून मुरबाडवरून डोंगराच्या पायथ्याला, मग दगडी चढण आणि वर जुन्नर. सातवाहनांच्या काळापासून या बंदराचा माल तिथून वर चढत आलाय; घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा लेख आहे, दगडी रांजण आहे. पाहायला हवीच अशी जागा. पण मार्गशीर्षात जा. आत्ता रायत्याला उल्हास ओलांडावी लागेल, पुढे मुरबाडच्या अंगाचे ओढे, आणि त्यांतला एखादा चढला तर अलीकडच्या वाडीत किती दिवस अडकाल ते कुणी सांगू शकणार नाही.

दुसरी वाट बोरघाटाची, आणि यंदा तिच्यात एक नवी सोय झालीय. कल्याणपर्यंत आगगाडी 1854 च्या मे महिन्यात आली आणि 1856 च्या मेमध्ये ती खोपोलीला पोचली. आता याच महिन्यात, 14 जूनला, वरचा खंडाळा ते पुणे हा लोहमार्गही सुरू झालाय. खाली गाडी, वर गाडी. मधला घाट तेवढा पायांनी किंवा डोलीने. मी तुमच्या जागी असतो तर हीच वाट धरली असती.

कधी निघायचं? वटपौर्णिमा होऊ द्या. पौर्णिमेच्या आसपास खाडीला उधाण असतं. समुद्राचं पाणी उल्हासच्या मुखातून आत रेटत येतं आणि त्याच वेळी डोंगरात जोराचा पाऊस झाला तर नदीच्या पाण्याला खाली उतरायला जागा राहत नाही; ते काठांवर पसरतं. खाडीवरच्या तांडेलाला विचारा, तो तिथीवरून सांगेल. अष्टमीकडे जाता जाता भांगाची भरती येते आणि पाण्याचा जोर मोडतो. म्हणून वद्य द्वितीया-तृतीयेला कल्याण सोडा. घाटाने एखादा दिवस खाल्ला तरी चिंता नको. पालखी आळंदीहून पुण्यातच येते, तिथे गाठता येईल.

सामान कमी घ्या. छत्री नको, घाटातला वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करेल. इरलं घ्या, वाकून चालायची सवय होईपर्यंत ते अवघड वाटेल, पण पाठ कोरडी राहील. घोंगडी हवीच, लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. दशम्या, गूळ, मेतकूट, सुंठ. पाणी मात्र उकळून प्या, कुणी हसलं तरी. पटकीची साथ पावसाळ्यात आणि गर्दीत फिरते, आणि ती पाण्यातून येते हे या ओटीवर अजून कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

गाडीत डाव्या बाजूला बसलात तर उल्हास दिसेल, उजवीकडे मलंगगड आणि पुढे चंदेरीचा सुळका, तेही ढगांनी दाखवले तर. बदलापूर सुटलं की नदी रुळांच्या किती जवळ येते ते लक्षात ठेवा. याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी राहणार आहे आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागणार आहे. तेव्हा उपग्रह असतील, इशारे असतील, आणि पाणी तरीही त्याच्या जुन्या वाटेने येईल.

नेरळला उजव्या हाताचा डोंगर माथेरानचा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट आठ वर्षांपूर्वी, 1850 च्या मे महिन्यात तिथे चढले आणि साहेबांना उन्हाळ्याची जागा सापडली. पावसाळ्यात वर जायचं कुणी मनातही आणत नाही. पुढे 1907 मध्ये तिथे छोटी गाडी जाईल, आणि तीही पावसाळ्यात थांबेल.

खोपोलीला मुक्काम करा. नाना फडणविसांनी बांधलेला मोठा तलाव आहे, काठावर महादेवाचं देऊळ आहे. आज घाट चढायचा मोह होईल, कारण डोलीवाले, तट्टूवाले, गाडीवाले सगळे तुम्हाला घेरतील. थांबा. पहाटे निघालात तर वाटेत दरड आली, ओढा आडवा आला, तरी परत फिरायला किंवा वाट बघायला पुढे अख्खा दिवस असतो. दुपारी निघालेल्याला तो नसतो.

आणि मग घाट.

हा गाडीरस्ता 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. रस्ता चांगला आहे, पण पावसाने त्याचं रूपच बदललंय. डोंगराच्या बाजूने पाणी नुसतं पडत नाही, ते दगडांच्या फटींतून फुटून बाहेर येतं. पुढच्या डोलीचे भोई दिसत नाहीत, फक्त त्यांचा हुंकार ऐकू येतो. मध्येच धुकं फाटतं आणि दरीपलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले क्षणभर दिसून जातात. धबधब्यांच्या आवाजात माणसाला हाक मारायची तर ओरडावं लागतं.

चढताना दरीच्या कडांकडे बघा. कातळात अर्धवट खोदलेली भोकं दिसतील, खाली ढासळलेल्या दगडांचे ढीग दिसतील. लोहमार्गाचं काम दोन वर्षांपूर्वी सुरू झालंय. कोरड्या दिवसांत इथे माणसं दोरांना लटकून कड्यात सुरुंगाची भोकं पाडतात. आत्ता उघड्यावरचं काम थंडावलंय. मजुरांतले पुष्कळ आपापल्या गावी पेरणीला गेलेत, मागे राहिलेल्यांच्या झोपड्यांतून ओल्या लाकडांचा धूर निघतोय. त्यांचं वर्ष आठ महिन्यांचं. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनाही त्याच आठ महिन्यांत सगळं बसवावं लागतं. 1861 मध्ये या घाटावर 42,000 च्या वर माणसं राबतील. पटकीने इथे किती घरं रिकामी केली त्याची मोजदाद कुणाकडे नाही. उद्याचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावेल आणि काम त्याची बायको ॲलिस पुढे नेईल. 25 बोगदे खोदून, 37 फुटांना एक फूट अशा चढणीने, 1863 च्या एप्रिलमध्ये गाडी हा डोंगर चढेल. पुढे कुणी तुम्हाला तासाभरात लोणावळ्याला नेऊन भजी खायला घालेल तेव्हा या झोपड्यांचा धूर आठवावा असं मला मनापासून वाटतं.

डोलीत बसला असाल तर शेवटच्या चढणीला खाली उतरा. भोयांचे पाय निसरतायत.

खंडाळ्याला गाडी उभी असते. नवी कोरी वाट, जेमतेम दोन आठवड्यांची; बघायला आलेली गर्दीच जास्त. खिडकीशी बसा आणि पाऊस मोजत चला. लोणावळ्याला धारा, कार्ल्याला सरी, तळेगावला शिंतोडे. समुद्रावरून आलेले ढग डोंगराच्या भिंतीला भिडून वर चढतात, गारठतात आणि आपला बहुतेक ऐवज तिथेच सांडतात. पलीकडे उतरताना त्यांच्याजवळ फारसं उरत नाही. आजच्या सरासरीने लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पुण्यात सातशेच्या आसपास. सकाळी पिळून काढलेलं धोतर खडकीला उतरेपर्यंत अंगावरच वाळतं.

खडकीहून आळंदीची वाट धरा. वाटेत दिंड्या भेटतील, टाळ गळ्यात, तुळस डोक्यावर. शेतं नांगरलेली आहेत, काही पेरलेली, काही आभाळाकडे बघत थांबलेली. तुमच्या खांद्यावरचं इरलं पाहून एक वयस्कर वारकरी पावलं मंद करतो.

“माउली, घाटाखालनं आलात जणू?”

“हो, कल्याणहून.”

“पाऊस कसाय तिकडं?”

सांगा त्यांना. बदलापूरची खाचरं भरलीत, खोपोलीला रात्रभर धार तुटली नाही, बोरघाटात ओढे लाल पाण्याने वाहतायत, आणि खंडाळ्या-लोणावळ्यावर ढग अजून तसाच बसून आहे. ते मन लावून ऐकतात. लोणावळ्याचं नाव निघताच थांबतात, कारण इंद्रायणी तिथूनच निघते आणि तिथला पाऊस आळंदीच्या घाटावर येऊन पोचतो. ते मागे वळून आपल्या दिंडीला हाक देतात, “चला रं पोरांनो, नदी चढायच्या आत घाटावर जाऊन आंघोळी उरकू!” आणि तुमचा हात धरून पुढे चालू लागतात.