काडी आणि नळी

मी रायापूरचा, हुबळी-धारवाडच्या मधला. सातवीला विज्ञान शिकवतो आणि पाठांतराचा मला मनस्वी कंटाळा. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादेत 1972 मध्येच त्यावर उपाय शोधला गेला. सहावी ते आठवीच्या 16 शाळांत मुलं स्वतः प्रयोग करू लागली. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा, वर प्रयोगाचीही परीक्षा! आमच्याकडच्या पालकांना घेरीच येईल.

1978 मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन अभियंता अरविंद गुप्ता तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे तुकडे करून त्यांनी काडेपेटीतल्या काड्या जोडल्या. त्रिकोण दाबला तरी ढिम्म हलत नाही, चौकोन लगेच कलतो. लोखंडी पुलात इतके त्रिकोण का, हे मग वर्गात सांगावं लागत नाही.

2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा हा कार्यक्रम गुंडाळला. गुप्ता पुढे पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात, टाकाऊतून खेळणी करत राहिले.